इमारतीचा घाम

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने मायेपोटी एक चूक केली आणि भीतीपोटी दुसरी. पहिली देवाने पोटात घातली असेल, असं माझं मन मला सांगतं. दुसरीबद्दल मन काहीच बोलत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

वस्तीबाहेर एक इमारत होती. इमारत म्हणायचं म्हणून म्हणायचं. तिच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसायचा. खिडकी औषधालाही नाही. आत कपाटांच्या रांगाच रांगा, कपाटांत यंत्रं, यंत्रांत बारीक हिरवे दिवे, आणि मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा पंख्यांचा अखंड घोंघाट. जगातली माणसं जे काही फोनमध्ये घालतात, फोटो, हिशेब, भांडणं, समेट, तान्ह्याचं पहिलं रडणं, मेलेल्या आईचा आवाज, ते सगळं अशाच घरांत जाऊन बसतं. लोकांना वाटतं, एकदा ठेवलं की राहतं. अहो, देव्हाऱ्यातला दिवासुद्धा तेल घातल्याशिवाय राहत नाही, हे कसं राहील?

तिथे राबणारी माणसं होती. हे सगळं ज्यांवर साठतं त्या चकत्यांपैकी रोज कुठली ना कुठली मरायची, तर एक जण गाडा ढकलत रांगांतून फिरायचा, मेलेली काढायचा, नवी बसवायचा आणि मेलेलीचा यंत्रात घालून चुरा करायचा. दुसरा बॅटऱ्या सांभाळायचा. तिसरा होता इंजिनवाला. वीज गेली तर हाताशी असावीत म्हणून डिझेलची इंजिनं ओळीने उभी होती, आणि वीज कधी जात नसली तरी ती नेमाने चालवून बघावी लागत. तो म्हणायचा, “न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज अंथरूण घालायचं, ही आपली नोकरी.”

पण त्या यंत्रांचं खरं दुखणं एकच, ती तापायची. चार माणसं एका खोलीत वाद घालायला लागली तर भिंती तापतात. इथे तर सगळं जग एकाच वेळी बोलत होतं. ती उष्णता पाणी शोषून घ्यायचं, आणि ते ऊन पाणी जाडजूड नळांतून मागच्या अंगणातल्या मनोऱ्यांत जायचं. मनोरे म्हणजे चार मजली उंचीच्या पोकळ पेट्या. वरून पाणी झिरपायचं, मधे पोळ्यासारखी भोकं असलेले पत्रे, माथ्यावर भला मोठा पंखा हवा ओढणारा. थोडं पाणी वाफ होऊन आभाळात जायचं, उरलेलं निवून परत आत. माणसाला घाम येतो आणि अंग निवतं, तसा हा त्या इमारतीचा घाम. एखादं गाव पोटभर प्यायलं असतं एवढं पाणी दिवसाकाठी नुसतं उडून जायचं.

या घामाचा जो कारभारी, त्याला सगळे पाणक्या म्हणायचे. वयाने उतरणीला लागलेला, गुडघ्यात वात शिरलेला, पण नळाला कान लावला की आत काय चाललंय ते सांगणारा. त्याला बायकापोरं नव्हती. होती ती एक धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि नवऱ्याचं दुकान बुडालं तेव्हा त्यालाही आपल्या हाताखाली मनोऱ्यांवर चिकटवून घेतलं. मेव्हण्याला तो ‘दाजी’ म्हणायचा आणि दाजी त्याला ‘साळेबुवा’. दोघांचं जमायचं कसं? तर दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढून.

“दाजी, ब्रश असा धरतात? पत्रा घासताय की म्हशीला गोंजारताय?”

“साळेबुवा, तुमच्या बहिणीनेच शिकवलंय. घरातली भांडी मीच घासतो. तुम्ही मुलगी दिलीत तेव्हा ही गोष्ट झाकून ठेवलीत.”

आता मनोऱ्याचं एक शास्त्र असतं, ते तेवढं ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोमट पाणी साठून राहिलं की त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. ते प्यायल्याने फारसं काही होत नाही. पण त्याच पाण्याचे तुषार होऊन छातीत गेले की माणूस उलथतो. म्हणून पाण्यात सतत थेंब थेंब औषध सोडायचं, आणि मनोरा धुवायच्या आधी तर जास्तच सोडायचं. धुताना तोंडाला मुखवटा बांधायचा. मनोऱ्याच्या दारावर तशी पाटीच होती, तीन चित्रांची: पाण्याचे तुषार, मुखवटा आणि माणसाची फुप्फुसं. त्या फुप्फुसांना बघून दाजी म्हणायचा, “ही वांगी कुणी काढलीत?”

ते औषध मात्र उग्र होतं. मागच्या खेपेला दाजी मनोरा धुवून बाहेर आला तो डोळे सुजवून. दोन दिवस त्याला भाताचं शीत दिसेना. धाकटीने भावाला चांगलंच फैलावर घेतलं.

“दादा, तुझं ते पाणी तुझ्यापाशी. यांचे डोळे गेले तर मी काय करायचं? तू आहेस म्हणून मी यांना तिथे पाठवते. तू बघायला नको?”

“बघतो गं. पुढच्या वेळी बघतो.”

बहिणीला दिलेला शब्द. पुढच्या वेळी, टोकाच्या मनोऱ्याची पाळी आली तेव्हा, पाणक्याने कुणाला न सांगता त्या मनोऱ्याची औषधाची तोटी बंद केली. त्याच्या मनाचा हिशेब असा की उद्या सकाळी पाणी सोडून द्यायचं, दुपारी धुवायचं, एका रात्रीत काय आकाश कोसळतंय? म्हणजे दाजीच्या डोळ्यांना झोंबणार नाही.

पण माणूस योजतो एक. खालच्या झडपेचं रबर फाटलेलं निघालं, नवं बसवल्याशिवाय पाणी सोडता येईना. नवं आज येईल, उद्या येईल, करता करता आठवडा गेला. उन्हाळा रणरणत होता. मनोरा बंद, आत पाणी तुंबलेलं, औषध नाही. पाणक्याने एकदा आत हात घातला तर बोटांना भिंत बुळबुळीत लागली. क्षणभर वाटलं, तोटी उघडावी. मग वाटलं, आता उघडली तर धुवायच्या दिवशीच सगळं औषध दाजीच्या डोळ्यांत. बुळबुळ तर बुळबुळ, धुवायचं तेच तर आहे. बघा, वर्षानुवर्षं ज्याने पाणी राखलं त्यालाच हे सुचावं. परक्या माणसाने ही तोटी बंद केली नसती, त्याला कुणाच्या डोळ्यांची पडली होती?

रबर आलं. पाणी सोडलं. दाजी जोराच्या पाण्याची नळी घेऊन आत शिरला. पत्र्यांवर पाणी आपटून आत असं धुकं झालं की हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. थोड्या वेळाने त्याने बाहेर डोकं काढलं.

“साळेबुवा, या मुखवट्यात माणूस गुदमरून मरेल.”

“मग काढा की घटकाभर. आज औषध नाही पाण्यात.”

हे वाक्य पाणक्याच्या तोंडून गेलं. दारावरची पाटी त्याच्या खांद्यामागे होती.

संध्याकाळी दाजी बाहेर आला तो हसत. “बघा हो डोळे. कोरे करकरीत. घरी जाऊन सांगतो, तुझ्या भावाने शब्द राखला.”

थोडे दिवस गेले आणि त्याला ताप भरला. आधी वाटलं साधा असेल. मग खोकला, मग धाप, मग बरळायला लागला. भिंतीवरच्या पालीला म्हणे, “नळी बंद कर, नळी बंद कर.” दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार, थकलेल्या, घाईतही खुर्ची ओढून बसणाऱ्या. छातीचं एक्स-रेचं चित्र काढून आणलं तर दोन्ही फुप्फुसं पांढरी झालेली.

“नेहमीची औषधं सुरू केलीत,” त्या म्हणाल्या, “पण म्हणावी तशी लागू पडत नाहीत. हे काम काय करतात?”

धाकटी म्हणाली, “कम्प्युटरच्या कंपनीत आहेत. खूप मोठी कंपनी आहे.”

त्या घरात असंच सांगायची रीत पडली होती. शेजारीपाजारी, नातेवाइकांत, सगळीकडे ‘कम्प्युटरच्या कंपनीत’. शेवाळ घासतो, नळीने पत्रे धुतो, असं कोण सांगतं? आणि खोटंही नव्हतं ते.

“म्हणजे एसीत बसून काम,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. प्रवास केला का, घरात कुणी आजारी आहे का, पक्षी पाळलेत का.

पाणक्या तिथेच उभा होता, खाटेच्या पायथ्याशी. त्याच्या डोळ्यांपुढे ती तीन चित्रं लख्ख उभी राहिली. एक शब्द पुरला असता. ‘पाणी’. पण त्या शब्दामागोमाग दुसरे शब्द येणार होते, कसलं पाणी, औषध का नव्हतं, कुणी बंद केलं, आणि हे सगळं धाकटीच्या समोर.  त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि भिंतीकडे पाहत राहिला. भिंतीचा रंग एका जागी फुगला होता. त्या फुगवट्याकडे तो असा बघत होता, जसा काही तो फुगवटाच आजारी आहे.

बाहेर बाकावर भाची, धाकटीची मुलगी, फोनवर सिनेमा बघत बसली होती. चित्र कुठे अडखळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने धीर करून साहेबांना गाठलं. साहेब वयाने त्याच्या मुलासारखे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“काका, डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या. तुम्हाला काय माहीत हे पाण्यानेच झालं? साधा न्यूमोनिया नसतो का माणसाला?”

“साहेब, पण सांगून टाकलं तर—”

“सांगा की. चारही मनोऱ्यांचं पाणी तपासायला माणसं येतील. मनोरे बंद. मनोरे बंद म्हणजे घटकाभरात आत भट्टी. किती लोकांचं काय काय अडेल, कल्पना आहे? आणि पहिला प्रश्न काय विचारतील? तोटी कुणी बंद केली.” बोलता बोलता त्यांनी दार नीट लागलंय का ते पुन्हा पाहिलं. तेही घाबरलेलेच होते, बिचारे. “तुमच्या भल्याचं सांगतोय, काका.”

भल्याचं सांगणारे भेटले की भ्यायलेल्या माणसाला किती बरं वाटतं! तो दिवस पाणक्याने त्या आधारावर काढला. संध्याकाळी दवाखान्यात गेला, धाकटीला डबा दिला, दाजीचे पाय चेपले. पाय तव्यासारखे तापले होते. धाकटी म्हणाली, “दादा, तू आहेस म्हणून मला धीर आहे.” तो म्हणाला, “होईल सगळं ठीक.” आणि घरी आला. डोळ्याला डोळा लागला नाही. पण अंथरुणात तळमळण्याने कुणाला औषध पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मनोऱ्याची धुण्याची पाळी होती. दाजी नाही म्हणून साहेबांनी इंजिनवाल्याला नळी देऊन आत पाठवलं. या मनोऱ्याच्या पाण्यात औषध नीट होतं. थोड्या वेळात इंजिनवाला मुखवटा लावलेला, डोळे चोळत बाहेर आला आणि सगळ्यांदेखत ओरडला.

“काय रे पाणक्या, डोळ्यांची आग आग झाली! माझी पण तोटी बंद कर की. का ती सवलत फक्त मेव्हण्यालाच?”

चकतीवाला हसला, बॅटरीवाला हसला. त्यांना ठाऊक होतं तर! दाजीनेच कौतुकाने सांगितलं असणार, आणि गमतीची गोष्ट म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं की पाणक्याने मेव्हण्याचे लाड केले. इंजिनवाल्याच्या मनात काहीएक वाईट नव्हतं. पण पाणक्याच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायलाही वाकला नाही. साहेब मागून हाक मारत राहिले, आणि तो वाताच्या गुडघ्यांनी फाटकाबाहेर पडला, मिळेल त्या गाडीने दवाखान्यात आला.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यातच भेटल्या.

“बाई, ते एसीत बसत नाहीत. ते पाण्याचे मनोरे धुतात. त्या दिवशी पाणी साठलेलं होतं. औषध नव्हतं. मीच बंद केलं होतं. मुखवटाही मीच काढायला सांगितला.”

बाई म्हणाल्या, “परवा मी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात ना?”

“होतो.”

चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. मागे वळून नर्सला हाक मारली, औषध बदललं, तपासणीला नमुना पाठवला, आणि तोंडाने पुटपुटल्या, “दोन दिवस.” तेवढंच.

धाकटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने भावाकडे पाहिलं नाही, आत जाऊन नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी बदलली.

नव्या औषधाने दुसऱ्या दिवशी ताप उतरला. दाजी घटकाभर शुद्धीवर आला. तोंडात नळी होती, बोलता येईना, पण पाणक्याला पाहून त्याने एक बोट हलवलं आणि स्वतःच्या डोळ्याखाली टेकवलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणे. पाणक्या व्हरांड्यात गेला आणि खांबाला धरून उभा राहिला. आपल्याला वाटतं ना, आता देव पावला? त्यालाही वाटलं. पण छाती आधीच पोखरली होती. त्याच दुपारी दाजी गेला.

बाई खऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण झुंजायला वेळ मिळाला असता.” खोटं सांत्वन सोपं असतं. त्यांनी ते दिलं नाही, आणि मला वाटतं त्यांनी बरोबरच केलं.

इमारतीचं काय झालं म्हणाल? काही झालं नाही. माणसं आली, पाणी तपासलं, एकेक मनोरा आलटून पालटून बंद ठेवून स्वच्छ केला. एकही सिनेमा अडखळला नाही, एकही फोटो उशिरा उघडला नाही. पाणक्याने स्वतः जाऊन सांगितलं, तोटी मी बंद केली, मला काढून टाका. कंपनीच्या साहेबांनी आपसात चर्चा केली आणि त्याला ठेवून घेतलं, कारण उन्हाळा चालू होता आणि त्या नळांची नस जाणणारा दुसरा कुणी नव्हता. काढलं असतं तर थोडी शिक्षा भोगल्यासारखं झालं असतं. तेही त्याला मिळालं नाही. रोज सकाळी त्याच अंगणात, त्याच वाफेखाली जाऊन उभं राहायचं.

बरेच दिवस धाकटीकडे जायचं धैर्य त्याला झालं नाही. मग एका संध्याकाळी गेला. तिने दार उघडलं, बस म्हणाली, पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला आणि पिईना. ती समोर जमिनीवर बसली. आतल्या खोलीत भाची अभ्यास करत होती, तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

“दादा,” धाकटी म्हणाली, “डोळ्यांचं मीच म्हणाले होते. मीच तुझ्यामागे लागले होते. ती तोटी तुझ्या हाताने बंद झाली, पण त्या हातामागे माझं तोंड होतं. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. जन्मात नाही.”

पाणक्या रडायला लागला.

“थांब. माझं झालं नाही अजून.” तिचा आवाज चढला नाही. “बाई विचारत होत्या तेव्हा मी उत्तर देत होते. मला काय माहीत होतं? तू माझ्याशेजारी उभा होतास. मी मधे एकदा तुझ्याकडे बघितलं, की काही राहिलं का सांगायचं. तू भिंतीकडे बघत होतास. मला वाटलं, काळजीने बघतोयस.” ती उठली, पदराने तोंड पुसलं. “ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, दादा. मी काय करू?”

 त्याने पेला खाली ठेवला. ती त्याला जा म्हणाली नाही आणि थांबही म्हणाली नाही. तो उठला, चपला घालून निघाला. त्यानंतर तो सणवारी नाही, दुखण्याखुपण्याला जातो. ती पाणी देते. दोघं भाचीच्या शाळेबद्दल बोलतात. आणि ज्याबद्दल बोलायचं ते दोघांच्या मधे बसून असतं.

आता तुम्ही उठाल. संध्याकाळी हात जोडताना त्या गेलेल्याचं नाव न कळताही तुम्हाला त्याची आठवण होईल, हे मला ठाऊक आहे. गेलेल्यांसाठी डोळे लवकर भरून येतात. मी मागतोय ते थोडं अवघड आहे. जो उरला आहे, जो आत्ता या घटकेलाही वाफेखाली उभा राहून पाण्यात बोट बुडवून बघत असेल, त्याचीही आठवण ठेवा. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही, तो अधिकार त्याच्या बहिणीचा. फक्त देवापुढे दोन शब्द उरले तर त्यातला एक पाणक्याच्या नावाने टाका. त्याला स्वतःसाठी मागायची आता भीती वाटते.